डोक्याला मुका मार, सीटी नॉर्मल आणि क्लेमची दोन वर्षं

मी सांगलीत एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे, म्हणजे खातेदारांची रोजची बचत फिरून गोळा करणारा, सोळा वर्षं झाली. दिवसभर मोटरसायकलवर, विश्रामबागपासून मिरज रोडनं दुकानं, टपऱ्या, भाजीवाल्या, कुणाचे वीस कुणाचे दोनशे, असे एकशे साठ खातेदार आणि सगळ्यांचे खातेनंबर मला तोंडपाठ. हे आधीच सांगतोय कारण पुढं अख्खी केस याच एका गोष्टीवर उभी राहिली.

ऑगस्ट 2023 मधली गोष्ट. संध्याकाळी वसुली चालू होती आणि एका बोळातून छोटा हत्ती टेम्पो रिव्हर्समध्ये सरळ मेन रोडवर आला, मागं बघायला माणूस नाही, हॉर्न नाही, त्यानं मला बाजूनं ठोकलं. हे मला लोकांनी सांगितलं. मला स्वतःला आठवतंय ते एवढंच की चहाच्या टपरीवरच्या मावशींकडून तीस रुपये घेतले आणि त्यानंतर एकदम हॉस्पिटलचा पंखा. मधला तास-दीड तास माझ्याकडं नाहीच, आजपण नाही. हेल्मेट होतं पण पट्टा लावलेला नव्हता, दर पाच मिनिटाला उतरायचं चढायचं म्हणून मी कधीच लावत नव्हतो, ते उडून गटारीपाशी गेलं आणि डोकं दुभाजकाच्या कडेला लागलं.

रक्त नाही, टाका नाही, खोक नाही. सीटी स्कॅन केला, नॉर्मल. रात्री दोनदा उलटी झाली ती सिस्टरनं केसपेपरवर वेळ टाकून लिहिली, आणि अपघाताचा पेशंट म्हणून एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद, पण झाली होती, या दोन नोंदींचं मोल मला दीड वर्षानं कळलं. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. कार्डावर लिहिलं, मायनर हेड इंज्युरी, सीटी ब्रेन नॉर्मल. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले मुका मार आहे, आठ दिवसात कामाला लागा.

तिसऱ्या दिवशी गाडीमालक घरी आला, फळं घेऊन आणि पाच हजार रुपये. कशाला केस करताय, मिटवून टाकू, इथं सही करा. खरं सांगतो, मी सही करणार होतो. डोकं इतकं ठणकत होतं की तो माणूस घरातून जावा एवढंच वाटत होतं. नेमका मेव्हणा आला, त्यानं कागद वाचला, "दाजी, 'माझी काही तक्रार नाही' असं लिहिलंय, कशावरही सही करू नका." दुसऱ्या दिवशी तो मला रिक्षानं पोलीस स्टेशनला घेऊन गेला. म्हणजे एफआयआर चौथ्या दिवशी झाली आणि हा उशीर पुढं कोर्टात दोनदा निघाला, पण एमएलसी त्याच दिवशीची असल्यामुळं निभावलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरातल्या कुणालातरी पहिल्याच दिवशी पाठवा, जखमी माणसानंच जायला पाहिजे असं काही नाही.

आता आठ दिवसात बरं होणार होतं त्याचं काय झालं ते सांगतो. ट्यूबलाइटकडं बघवेना. कुकरची शिट्टी झाली की कानातून सळई घातल्यासारखं व्हायचं, बायकोनं पातेल्यात डाळ शिजवायला सुरुवात केली. मान फिरवली की घर फिरायचं. झोप रात्री तीनला उडायची. आणि चिडचिड, मी पोरीवर कधी हात तर सोडा आवाज चढवला नव्हता, ती पाढे म्हणत होती म्हणून तिच्यावर असा ओरडलो की ती दोन दिवस माझ्यासमोर आली नाही. शेजारी पाजारी म्हणायचे अंगावर तर काही दिसत नाही, चांगला तर दिसतोय. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं, लोकांनी विचारलं असतं. मुक्या माराला कुणी विचारत नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाच्याच्या मागं बसून वसुलीला गेलो. घरात बसून चालणार नव्हतं, एजंटला पगार नसतो, कमिशन असतं, वसुली नाही तर पैसे नाहीत. संध्याकाळी भरणा करायला बसलो तर सातशे चाळीस रुपये कमी. परत मोजले. दहाच्या नोटांचं बंडल घेतलं, सदतीस-अडतीसपर्यंत आलो की पुढचा आकडा यायचाच नाही, परत पहिल्यापासून. चार वेळा. एका खातेदाराचे पैसे दुसऱ्याच्या नावावर टाकले होते, 1147 च्या जागी 1174. कॅशियर काही बोलला नाही, त्यानं नुसतं बंडल माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः मोजलं. सातशे चाळीस मी खिशातनं भरले. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, दुखण्याची नाही, हे असंच राहिलं तर काय याची.

मग मिरजेला न्यूरोलॉजिस्टकडं गेलो. त्यांनी कन्कशन हा शब्द पहिल्यांदा सांगितला. डोकं आपटलं की मेंदू कवटीच्या आत हिसका खातो, त्याच्या पेशींचं काम बिघडतं, पण रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नसेल तर सीटीत काहीच दिसत नाही, सीटी नॉर्मल म्हणजे मेंदूला मार नाही असा अर्थ होतच नाही. बेशुद्ध पडलंच पाहिजे असंही नाही. बऱ्याच जणांचं काही आठवड्यात बरं होतं, काहींचं महिनोन् महिने रेंगाळतं, माझं रेंगाळणाऱ्यातलं. चक्कर पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवायची नाही, कारण आधीचं बरं व्हायच्या आत डोक्याला परत मार बसला तर ते फार महागात पडतं. आणि नुसतं अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही, पहिले एक-दोन दिवस विश्रांती ठीक, नंतर थोडं थोडं काम वाढवत जायचं. हे मला पहिल्या हॉस्पिटलमध्ये कुणीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मानसशास्त्रज्ञांकडं लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांना पाठवलं. त्यात एक होती, आकडे सांगणार आणि आपण उलटे म्हणायचे. चार, नऊ, एक, सात. मी सात म्हणालो, एक म्हणालो, आणि थांबलो. समोर बाई बसल्या होत्या, हातात पेन्सिल, काही घाई करत नव्हत्या. एकशे साठ खातेनंबर पाठ असलेला माणूस चार आकड्यांवर अडला. मला तिथंच रडू आलं. त्याचा रिपोर्ट मात्र आला, मार्कांसकट, आणि सीटीत जे दिसत नव्हतं ते पहिल्यांदा कागदावर आलं.

क्लेमचा विषय वकिलांनी काढला, मेव्हण्याच्या ओळखीचे. त्याआधी हॉस्पिटलच्या गेटवरच एक जण भेटला होता, "क्लेम काढून देतो, जेवढे मिळतील त्यातले वीस टक्के." अशांना लांबूनच नमस्कार करा. वकिलांनी निकालातल्या पैशावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, आणि हा तर वकीलही नव्हता. आमच्या वकीलसाहेबांनी ठराविक फी सांगितली, हप्त्यानं घेतली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. जिथं अपघात झाला तिथं, नाहीतर आपण राहतो तिथं पण चालतो, माझं दोन्ही सांगलीच. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय, त्यावर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे पण त्या भरवशावर कुणी राहू नये, आम्ही जानेवारी 2024 मध्ये, मुदत संपायच्या आत, अर्ज टाकला. छोटा हत्तीचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी असे तिघं सामनेवाले. थर्ड पार्टी विमा चालू होता, ड्रायव्हरचं लायसन बरोबर होतं, हे नशीब.

पोलिसांनी आधी फक्त कलम 279 आणि 337 लावलं होतं, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि साधी दुखापत. वकीलसाहेबांनी सांगितलं की तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या 320 मध्ये गंभीर दुखापतीची यादी आहे, त्यात हाड मोडणं वगैरे आहेच, पण शेवटच्या मुद्द्यात असंही आहे की वीस दिवस माणसाला नेहमीची कामं करता आली नाहीत तर तीही गंभीर दुखापत. न्यूरोलॉजिस्टनी तसं सर्टिफिकेट दिलं, तपासी अंमलदारांकडं अर्ज दिला, आणि दोषारोपपत्रात 338, म्हणजे गंभीर दुखापतीचं कलम, वाढलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम 116 मध्ये वीसचे पंधरा दिवस झालेत. डोक्याच्या मुक्या मारवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवा, कारण एक्सरेत दाखवायला आपल्याकडं काही नसतं.

कागद काय काय लागले तर एफआयआर, स्पॉट पंचनामा, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं ओरिजिनल (मेडिकलच्या दुकानातनं चिठ्ठीवर औषध घेऊ नका, बिल मागा), न्यूरोलॉजिस्टचे प्रत्येक भेटीचे केसपेपर, चाचण्यांचा रिपोर्ट, आणि कमाईचा पुरावा. मी रिटर्न भरत नव्हतो त्यामुळं धास्ती होती, पण पतसंस्थेच्या सेक्रेटरींनी कमिशनचं रजिस्टर कोर्टात आणून साक्ष दिली, अपघाताआधी महिन्याला सरासरी सोळा हजार आणि नंतरच्या महिन्यांत दोन, तीन, काही नाही. बायकोनं पोरीच्या जुन्या वहीत रोजचं लिहून ठेवलं होतं, आज डोकं किती दुखलं, किती वाजता झोप उडाली, गॅस चालू विसरले, दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. ती वही ती दर भेटीला डॉक्टरांसमोर धरायची आणि डॉक्टर त्यातलं केसपेपरवर घ्यायचे. माझ्या मते केस त्या वहीनं वाचवली, आणि माझी बायको दहावी शिकलेली आहे.

अपंगत्वाची टक्केवारी मला मिळाली नाही. मला वाटलं सगळं गेलं. वकीलसाहेबांनी समजावलं की सुप्रीम कोर्टाचा 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल आहे, त्यात नुकसानीचे हिशोब कसे करायचे ते सांगितलंय, कायमचं अपंगत्व नसलं तरी उपचाराचा खर्च, उपचाराच्या काळातली बुडालेली कमाई आणि सोसलेलं दुखणं हे मागता येतं. टक्क्यांबद्दल पण त्यात म्हटलंय की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात, डावा हात गेलेला ड्रायव्हर आणि डावा हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं कसं असेल. माझं काम आकड्यांचं आणि गाडीचं, गेलं तर नेमकं तेच गेलं, हे त्यांनी अर्जात पहिल्याच पानावर घातलं.

उलटतपासणीला विजयनगरच्या कोर्टात उभा राहिलो तेव्हा पाय कापत होते. कंपनीच्या वकिलांनी सरळ विचारलं, सीटी स्कॅन नॉर्मल आहे हे खरं आहे का. खरं आहे. हेल्मेटचा पट्टा लावला नव्हता हे खरं आहे का. मी आमच्या वकिलांकडं बघितलं नाही, खरं आहे म्हणालो. कायद्यात कलम 129 मध्ये हेल्मेट पट्ट्यानं बांधलेलं असलं पाहिजे असंच आहे, त्यामुळं त्यांनी माझी पण चूक धरायची मागणी केली. पण बोळातून रिव्हर्स येऊन धडक दिली ती काय पट्ट्यामुळं नाही. न्यूरोलॉजिस्ट साक्षीला आले, दोन तारखा फुकट गेल्या तरी तिसरीला आले, आणि त्यांनी साध्या मराठीत सांगितलं की कन्कशन सीटीत दिसत नाही, ते लक्षणांवरून आणि तपासणीवरून ठरतं, आणि पहिल्या रात्रीच्या उलट्या आणि न आठवणारा दीड तास हे त्याचंच लक्षण. सिस्टरनं लिहिलेली ती एक ओळ त्यांनी वाचून दाखवली.

त्यानंतर कंपनीनं बोलणी सुरू केली. आधी नव्वद हजार म्हणाले. 13 सप्टेंबर 2025 च्या राष्ट्रीय लोकअदालतीत पॅनेलसमोर बसलो, बिलं अडुसष्ट हजारांची होती, बुडालेली कमाई लाखाच्या वर, त्यांनी पट्ट्यापायी थोडे कापायला लावले, शेवटी दोन लाख पस्तीस हजारांवर ठरलं. निकालापर्यंत थांबलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, वर व्याज पण, असं काही जण म्हणतात. लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नसतं, हे त्यांनाही लागू आणि मलाही. घरात दागिना गहाण होता, मी सही केली. या वेळेला सही कशावर करतोय ते दोनदा वाचून.

पैसे नोव्हेंबरमध्ये खात्यावर आले. दागिना सोडवला, मेव्हण्याचे दिले. डोकं आता दुखतं ते उन्हात जास्त फिरलं तरच, नोटा मी अजून दोनदा मोजतो. चाळीसेक खाती त्या काळात दुसऱ्या एजंटकडं गेली, ती काय परत आली नाहीत आणि मी मागितलीही नाहीत. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी मात्र दुसऱ्या कुणाकडं भरलेच नाहीत. मार्च 2024 मध्ये मी पहिल्यांदा एकटा गाडीवर त्यांच्याकडं गेलो तर त्यांनी बरणीमागनं एक पत्र्याचा डबा काढला, सात महिन्यांचे रोजचे तीस रुपये, शंभर शंभरची बंडलं रबर लावून. "मोज बाबा," म्हणाल्या, "मला घाई न्हाई."