सा प सा म प सा

फोनवर एवढंच सांगितलं होतं, अकूस्टिक गिटार, एक गाणं, चार तास. आधी कुणीतरी वाजवून गेलंय आणि ते बदलायचंय, हे स्टुडिओत पोचल्यावर कळलं. त्याचं नवल वाटलं नाही. दुसऱ्याचं पुसून त्यावर वाजवणं आमच्या धंद्यात चालतंच. माझंही पुसलं गेलंय, आणि ते मला गाणं बाहेर आल्यावर ऐकताना समजलंय.

कल्पना यावी म्हणून इंजिनियरने जुना ट्रॅक एकटा लावला. दुसऱ्या बारलाच, म्हणजे चार ठोक्यांच्या दुसऱ्या गटालाच, हात ओळखला. सुरुवात करण्याआधी नाकाने ओढलेला तो श्वास दर रेकॉर्डिंगमध्ये माइकवर येतो, आणि दर वेळी कुणीतरी त्याला त्यावरून बोलतं. माझं पहिलं रेकॉर्डिंग मला याच माणसामुळे मिळालं होतं. ‘मी रिकामा नाही, हिला बोलवा,’ एवढंच तो म्हणाला होता. मला नंतर कळलं की त्या दिवशी तो रिकामाच होता.

गिटारवाल्यांची एकमेकांशी मैत्री जमते कशी, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. ड्रमर आणि बेसिस्ट यांच्याबरोबर आपण तासन्‌तास वाजवतो, त्यामुळे त्यांच्याशी सूत आपोआप जुळतं. बँडमध्ये गिटार मात्र बहुतेक वेळा एकच. दुसरा गिटारिस्ट भेटतो तो बदली म्हणून, नाहीतर विंगेत तार उसनी मागताना.

‘काय खटकतंय?’ मी अरेंजरना विचारलं.

‘मागे पडतोय. जरा बघ.’ त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. टेंपो 72, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये 833 मिलिसेकंद. त्याचा प्रत्येक आघात ठोक्याच्या रेषेच्या 25-30 मिलिसेकंद नंतर उमटलेला. तो मुद्दामच तसा वाजवतो, पण या गाण्यात किक ड्रम अगदी काट्यावर होता आणि दोघांची फारकत ऐकू येत होती. अरेंजरचं चुकत नव्हतं, हीच अडचण.

दुसरी अडचण माझी होती. पॅटर्न तोच हवा होता आणि मला तो सापडेना. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, आहे हे कळत होतं. सहावी तार उतरवलीय हेही ओळखलं. पण मधल्या दोन मोकळ्या तारा एकमेकींना घासून वाजत होत्या, शेजारशेजारचे दोन सूर एकदम, आणि नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तिथे मोकळ्या तारांवर ते निघत नाहीत. दहा मिनिटं बोटं ताणली. मग पाणी पिऊन येते म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यालाच फोन लावला.

मी कुठे आहे आणि कशासाठी, ते सांगितलं. त्याला कुणी कळवलेलं नव्हतं. त्याच्या दिवसाचे पैसे त्याला केव्हाच मिळाले होते, पण पैशांचा प्रश्न नव्हताच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘लिहून घे. सा प सा म प सा.’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोकळ्या तारांचे सूर, सहावीपासून पहिलीपर्यंत. डीला सा धरलं की डी ए डी जी ए डी. 1960च्या दशकात डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश गिटारिस्टने रूढ केलेलं ट्यूनिंग. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण सूर खाली घ्यायची. ते घासणारे दोन सूर म्हणजे तिसऱ्या तारेचा म आणि दुसऱ्या तारेचा प.

‘आणि ऐक,’ तो म्हणाला, ‘माझ्यासारखं मागे राहू नकोस. त्यांना ते नकोय.’

आत येऊन तारा उतरवल्या. तीन तारांचा ताण कमी झाला की मान किंचित मागे जाते आणि उरलेल्या तीन आपोआप चढतात, म्हणून सगळं दोनदा लावावं लागतं. दोन टेकमध्ये काम झालं. बरोबर काट्यावर. ऐकताना अरेंजर खूश दिसले, तरी सुरुवातीला कपाळावर आठी होती. ‘इथे काहीतरी कोरडं वाटतंय.’

ड्रम नवव्या बारला येतात. त्याआधीचे आठ बार, जेमतेम 27 सेकंद, नुसती गिटार आहे. मी म्हणाले, ‘तेवढं जुनं ठेवून बघूया? तिथे मागे पडायला पुढे कुणीच नाही.’ इंजिनियरने माझा सुरुवातीचा भाग म्यूट करून त्याचा उघडला. तो श्वास आला, मग तारा. कुणी काही बोललं नाही. अरेंजरनी बोटाने गोल फिरवून पुन्हा लावायला सांगितलं.

सांधा मात्र बसेना. त्याचा शेवटचा कॉर्ड माझ्या पहिल्या कॉर्डखाली विरत होता आणि तिथे एक मंद हेलकावा ऐकू येत होता, साधारण दोन सेकंदांना एक. माझ्या तारा नव्या, त्याच्या जुन्या, तो फरक इंजिनियरने इक्यूने, म्हणजे आवाजाचा पोत बदलून, झाकला होता. हे वेगळं होतं. त्याच्या ट्रॅकवर ट्यूनर लावला तर तिसरी तार चार सेंट उतरलेली, म्हणजे अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चार.

‘त्याची वर ओढू का?’ इंजिनियरने विचारलं. माउसच्या दोन क्लिकचं काम.

‘नको, थांब.’ मी माझी तिसरी तार उतरवत आणली. खुंटी केसभर फिरवायची, वाजवायचं, ऐकायचं. हेलकावा लांबत गेला आणि थांबला. मग नवव्या बारपासून शेवटपर्यंत सगळं परत वाजवलं, त्या किंचित उतरलेल्या तारेवर. निघताना श्रेयनामावलीसाठी नाव विचारलं, तेव्हा मी दोन नावं लिहून दिली, त्याचं आधी.

संध्याकाळी त्याचा फोन आला. सुरुवात ठेवलीय म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘तिसरी तार उतरलेली नव्हती ना?’

‘चार सेंट.’

‘कॅपो तार वर ओढतो, म्हणून मी आधीच खाली घेतो. जास्त झालं असेल.’ मग, ‘दुरुस्त केलीत?’

‘माझी उतरवली.’

पलीकडून फक्त नाकाने ओढलेला श्वास आला.

‘बरं, रविवारी एक कार्यक्रम आहे, मला जमणार नाही,’ तो म्हणाला. ‘तुझं नाव दिलंय. स्टँडर्ड ट्यूनिंग आहे, घाबरू नकोस.’

रविवारी तो रिकामा आहे की नाही, ते मी विचारलं नाही.