लिफ्ट किट आधी की टायर? खडकाळ वाटेवरचा एक वृत्तांत

दगडी चढ, वाहता ओढा आणि शेवटी कोरड्या पात्रातील मऊ वाळू असलेल्या वाटेवर आम्ही एकाच बनावटीच्या दोन फोर बाय फोर गाड्या घेऊन गेलो. दोन्हींना मागेपुढे सॉलिड एक्सल (डावे-उजवे चाक जोडणारे एकसंध आडवे आस) होते. एका गाडीला सस्पेन्शन दोन इंच उंच करणारे लिफ्ट किट बसवलेले, पण टायर मूळचेच; दुसरीचे सस्पेन्शन मूळचे, पण टायर थोडे मोठे, ऑल-टेरेन प्रकारचे.

चढावरील पहिल्याच मोठ्या दगडाला लिफ्ट केलेल्या गाडीचा मागचा डिफरन्शियल (एक्सलवरचा गिअरचा फुगीर भाग) टेकला आणि त्याच दगडावरून दुसरी गाडी निघून गेली. सस्पेन्शन उंच केल्याने चासी वर जाते, एक्सल मात्र आहे तिथेच राहतो. डिफरन्शियलखालची जागा टायरच्या व्यासानेच वाढते, आणि तीही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्मी. अर्थात पुढे एक अरुंद उंचवटा ओलांडताना मूळ सस्पेन्शनच्या गाडीचे पोट खरवडले आणि लिफ्ट केलेली गाडी न घासता पार झाली, म्हणजे लिफ्ट किट निरुपयोगी नाही. तरीही खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर तो टायरवर करावा, असे माझे मत आहे. गाडी जितकी उंच, तितका तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर ती कलंडण्याची भीती वाढते. मोठे टायर घेण्यापूर्वी मात्र स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबलेल्या स्थितीत ते कुठे घासत नाहीत ना, हे पाहून घ्यावे; शिवाय स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठा फरक पडला तो फुकटच्या उपायाने. चढापूर्वी टायरमधील हवा ३२ पीएसआयवरून २० वर आणताच, आधी दगडाच्या टोकावर उसळणारा टायर त्या टोकाभोवती दबून बसू लागला. वाळूत आम्ही १६ पर्यंत उतरलो. त्याहून फार खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. पुन्हा हवा भरण्यासाठी स्वतःचा कॉम्प्रेसर जवळ हवाच.

ओढ्यापाशी आधी पायी उतरून काठीने तळ आणि खोली पाहिली, मग लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) संथ, एकसारख्या वेगाने गाड्या काढल्या. स्नॉर्कलचा, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीचा, विचार बहुतेक जण करतात; एक्सलच्या ब्रीदरचा, म्हणजे त्यातील हवा आत-बाहेर होण्याच्या छिद्राचा, क्वचितच कोणी करतो. तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदरला नळी जोडून तिचे तोंड इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत नेलेले असावे. पलीकडे पोहोचल्यावर डिफरन्शियलचा प्लग काढून बोटावर तेल घेऊन पाहिले. ते दुधाळ झालेले नव्हते. झाले असते, तर लवकरात लवकर बदलावे लागले असते. पाण्यात इंजिन बंद पडलेच, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

वाळूत लिफ्ट केलेली गाडी एक्सलपर्यंत रुतली. तिच्या बंपरवर विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) होता, पण त्याचा दोर अडकवायला आसपास झाड नव्हते की खडक. दुसऱ्या गाडीने तो दोर धरून ठेवला असता, तर मऊ वाळूत तीही घसरत आली असती. अखेर चाकांपुढची वाळू फावड्याने उपसली, चाकांखाली पकड देणारे रिकव्हरी बोर्ड सरकवले आणि ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या कायनेटिक दोराने दुसऱ्या गाडीने तिला ओढून काढले. हा दोर चासीला घट्ट बसवलेल्या रिकव्हरी हुकलाच अडकवावा. ट्रेलरच्या टो बॉलला तो लावू नये, कारण झटक्याने तुटलेला गोळा जीवघेण्या वेगाने उडतो; बघ्यांनीही दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर उभे राहावे.

डांबरी रस्त्यावर येताच टायरमध्ये हवा भरावी आणि सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नसलेली गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये आणावी. नव्याने बसवलेल्या सस्पेन्शनचे बोल्टही तिथेच पाना लावून तपासावेत; आमच्या लिफ्ट केलेल्या गाडीचे काही बोल्ट थोडे सैल झालेले आढळले.