एवढा पाऊस, तरी झाडं काही वाढेनात

लोहाला राहते म्हटलं की नांदेडकडचे लोक हमखास विचारतात, आमच्या लोह्याला? नाही हो, हे इक्वेडोरमधलं, लिहिताना लोजा आणि म्हणताना लोहा, अँडीजच्या डोंगरात २,००० मीटरच्या वर. कोयनेलचं झाड मूळचं इथलं.

परवा शेजारणीबरोबर पोडोकार्पस नॅशनल पार्कमध्ये काहानुमाला गेले होते. ती तिच्या पीएचडीसाठी झाडं मोजते. मला वाटलेलं एवढा पाऊस म्हणजे झाडं नुसती सटासट वाढत असणार. कसलं काय! खोडाला स्टीलची पट्टी, तिला स्प्रिंग, आणि पट्टी सरकली किती ते कॅलिपरने बघायचं, तर वर्षभरात एका झाडाची वाढ मिलिमीटरभरसुद्धा नाही. त्यात पाऊस पडला की खोड फुगतं, ऊन पडलं की आकसतं, म्हणजे खरी वाढ कुठली नि पाणी कुठलं हे कळायलाच वेळ लागतो.

पाणी कमी पडतं हे कारण नाहीच म्हणे, उलट पाणीच जास्त. वर गारठा, माती कायम ओली, त्यामुळे पाला कुजतच नाही पटकन, पायाखाली नुसता गादीसारखा थर, मी काठी खुपसली तर हातभर आत गेली. झाडाचं खाणं त्या थरातच अडकलेलं. मग झाड सगळा जीव मुळांत घालतं आणि वर खुजंच राहतं. ढगांमुळे ऊनही कमी. घळीत उतरलं की तीच झाडं बरी उंच, कड्यावर मात्र वाऱ्याने वाकलेली, शेवाळाने लडबडलेली, अगदी महाबळेश्वरच्या जंगलासारखी.

इथे २००८ पासून १,०००, २,००० आणि ३,००० मीटरवर संशोधक चक्क युरिया आणि स्फुरद टाकून बघतायत, जंगलाला खत! बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आम्हाला पाठवा की थोडं. पण सगळ्या जातींनी सारखी दाद दिली नाही, काहींची वाढ सुधारली, काहींना ढिम्म फरक नाही. आणि सहाराची धूळ समुद्र ओलांडून इथवर येते, तिच्यातून कॅल्शियम मिळतं झाडांना. हे ऐकून मी दोनदा विचारलं, खरंच सहारा?

नोव्हेंबरात मध्येच थोडे दिवस ऊन पडतं, त्याला इथे वेरानिल्यो म्हणतात, छोटा उन्हाळा. तेव्हा परत ये, शेजारीण म्हणाली. येईन, पण आधी बूट वाळू देत, आज चौथा दिवस आहे.