पोरासमोर नको

कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातील एका समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी आम्ही कुटुंब साक्षरता वर्ग भरवतो. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि तोही स्वयंसेवकांच्याच बळावर चालतो. आमच्याकडे मात्र आई आणि मूल एकाच सतरंजीवर बसतात. बारा स्वयंसेवकांच्या वेळा, त्यांच्या परीक्षा, कोणी न आल्यास बदली कोण, हे सारे मी वहीत काटेकोर मांडले होते आणि त्या वहीवर माझा फार विश्वास होता.

तिसऱ्या शनिवारी एक आई आली नाही, चौथ्याही नाही. गुऱ्हाळावर काम लागले असेल, असे सगळ्यांनी गृहीत धरले. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. बराच वेळ गप्प राहून, मुलगा बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “ताई, मी चुकलो तर चालतंय, पण पोरासमोर नको.”

तिच्या गटाचे गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, अत्यंत तळमळीचे. त्यांनी सवयीप्रमाणे तिच्या पाटीवरचा चुकीचा शब्द खोडला आणि शेजारी बसलेला दुसरीतला मुलगा हसला. एवढेच घडले होते. दोष गुरुजींचा नव्हता. प्रशिक्षणात मी अक्षरगट शिकवले, हजेरी शिकवली, पण शिकणाऱ्या आईकडे कोण पाहत असते, हे सांगितलेच नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. इथे तर आई आपणहून पाटी घेऊन आली होती आणि आम्हीच तिला परत पाठवले होते.

त्या रात्री नियोजन पुन्हा मांडले. पहिला पाऊण तास आया आत आणि मुले व्हरांड्यात, दोन्हीकडे स्वतंत्र स्वयंसेवक. शेवटची वीस मिनिटे दोघांनी एकत्र, आणि त्या वेळी आईने फक्त आधी तयार केलेलेच वाचायचे. यासाठी माणसे वाढवावी लागली, म्हणून महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) चार विद्यार्थी घेतले. गुरुजींना दुसरा गट द्यावा, असे मनात होते. सगळे ऐकून ते म्हणाले, “मला तिथंच बसू द्या.”

पुढच्या शनिवारी ती आली. तयारीसाठी तिने केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, पाट्यांवरची नावे निवडली होती, कारण बसचा नंबर विचारताना तिला रोज दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. मुलाला जवळ घेऊन, बोट ठेवत तिने ‘कळंबा’ वाचले, मग ‘गंगावेश’ला हात घातला आणि ‘वे’वर अडखळली. गुरुजींचा हात पाटीकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा मांडीवर गेला.