तुम्ही विचारलंत म्हणून: सेलर मूनमधलं काळाचं दार

मी पुण्यात जपानी शिकवते. एन-फोर ही जपानीची प्राथमिक पातळीची परीक्षा पार पडली की विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, आता पुस्तकाबाहेरचं काय वाचू?’ तेव्हा ज्या मोजक्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मी हातात देते, त्यांत नाओको ताकेउची यांची सेलर मून असतेच. ती लहान मुलींच्या मासिकात आलेली असल्यामुळे प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चिन्हाच्या, बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो आणि शब्दकोशावाचून अडत नाही. मग थोड्या दिवसांनी त्यांच्यातलं कोणीतरी हमखास परत येतं आणि म्हणतं, ‘दुसऱ्या पर्वातल्या टाइम ट्रॅव्हलचं गणित काही जुळत नाही. तरी तुम्ही तिला एवढी चांगली का म्हणता?’ आता पालकही विचारायला लागलेत, तेव्हा एकदा सविस्तर लिहिते.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कोदान्शाच्या ‘नाकायोशी’ मासिकात ही मालिका १९९१च्या अखेरीस सुरू झाली आणि १९९७पर्यंत चालली. उसागी त्सुकिनो ही चौदा वर्षांची, अभ्यासात कच्ची, सदा उशिरा उठणारी, पटकन रडू फुटणारी मुलगी जादूची शक्ती मिळून सेलर मून ही योद्धी होते. तिला सोबतिणी मिळतात, प्रियकर मामोरू मिळतो, पूर्वजन्म उलगडतो आणि पहिलं पर्व संपतं. गोष्ट खरं तर तिथेच पूर्ण झाली होती. पण चौदाव्या प्रकरणाच्या शेवटी उसागी आणि मामोरू एकमेकांच्या जवळ आलेले असताना आभाळातून एक गुलाबी केसांची पोर थेट त्यांच्या अंगावर येऊन पडते. माझंही नाव उसागीच, असं ती सांगते आणि पिस्तूल रोखून उसागीच्या शक्तीचं मूळ असलेला रुपेरी स्फटिक मागते. हीच चिबिउसा. ती तिसाव्या शतकातून आलेली आहे आणि उसागी-मामोरूची पुढे होणारी मुलगी आहे. तिकडे ब्लॅक मून या शत्रूच्या टोळीने क्रिस्टल टोकियो ही भविष्यातली राजधानी उद्ध्वस्त केलीय, तिची आई स्फटिकात निद्रिस्त पडलीय आणि आईला वाचवायला ही एकटी काळ ओलांडून आलीय. इथून पुढची साधारण बारा प्रकरणं म्हणजे तुमचा तो टाइम ट्रॅव्हल.

तुमचा आक्षेप मला मान्य आहे. उसागी स्वतः तिसाव्या शतकात जाऊन हल्ल्यानंतरची दशा डोळ्यांनी बघून येते. मग पुढे राणी झाल्यावर तिला या हल्ल्याची आधीच कल्पना असायला हवी. राजा झालेल्या मामोरूलाही असायला हवी. मग बंदोबस्त का नाही? शत्रू इतिहास बदलायला विसाव्या शतकात येतात, लढतात, माणसं पळवतात, तरी त्याच इतिहासातून पुढे जन्मणारी चिबिउसा जशीच्या तशी कशी राहते? मांगात याची उत्तरं नाहीत आणि ती ओळींच्या मध्ये लपवलेलीही नाहीत. कोणी ओढूनताणून जुळवून दाखवलं तर ते त्या वाचकाचं कौशल्य समजायचं.

जादूच्या मुलींच्या गोष्टीत काळाचा हिशेब चोख हवा असेल तर ‘माडोका माजिका’ आहे. २०११मध्ये ती आधी टीव्हीवरची जपानी कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे म्हणून आली आणि त्याच वर्षी हानोकागे यांच्या चित्रांतून तिची मांगाही निघाली. त्यात होमुरा एकाच मैत्रिणीला वाचवण्यासाठी तोच महिना पुन्हा पुन्हा जगते, आणि प्रत्येक फेरीचं ओझं त्या मैत्रिणीच्याच दैवावर चढत जातं. तिथे कारण आणि परिणाम घट्ट बांधलेले आहेत. एकही फेरी वाया जात नाही आणि एकही फुकट मिळत नाही. ताकेउचींना असं काही बांधायचंच नव्हतं. त्यांनी काळ वापरला तो एका मुलीला तिच्या आईसमोर, आई व्हायच्या आधीच्या आईसमोर, उभं करण्यासाठी. या पर्वाचं सगळं बळ त्यात आहे.

चिबिउसा दिसते पाच-सहा वर्षांची, पण जगलीय नऊशे वर्षांहून जास्त. तिची वाढच खुंटलीय. आई म्हणजे सगळ्या जगाने मान तुकवावी अशी राणी, आणि ही मात्र शतकानुशतकं तेवढीच, अंगात कसलीही शक्ती नाही. ही खरंच राणीची मुलगी का, अशी कुजबुज तिच्या कानांवर पडत राहते. अशी मुलगी भूतकाळात येते ती त्या महान सेलर मूनला शोधत, आणि तिच्यापुढे उभी राहते कोण? तर उशिरा उठून तोंडात पाव कोंबत शाळेला धावणारी, परीक्षेत नापास होणारी उसागी. चिबिउसाचा विश्वासच बसत नाही. ती उसागीला घालूनपाडून बोलते, मामोरूच्या मागे मागे करते आणि रात्री एकटी रडते.

वर्गात या पानांवर सगळे हसतात. हसावं असंच ते आहे. पण ‘मोठी होत नाही’ हे दुःख ताकेउचींनी ज्या वयाच्या वाचकांसमोर ठेवलं त्या वयाचा विचार करा. आठ-दहा वर्षांच्या मुलीला रोज वाटत असतं की आपण कधीच मोठ्या होणार नाही, आईसारखं काही आपल्याला कधीच जमणार नाही. नऊशे वर्षं हा आकडा शास्त्र म्हणून बघितला तर पोकळ आहे. त्या वयातल्या वाट बघण्याचं माप म्हणून बघा, अगदी खरा वाटतो.

आणि मग प्लूटो. काळाच्या दारावर एकटी पहारा देणारी ही योद्धी. तिला तीन गोष्टी सक्त मना आहेत: काळातून प्रवास करायचा नाही, दार सोडायचं नाही आणि काळ थांबवायचा नाही. तिच्याकडे खेळायला येणारी एकच मुलगी, चिबिउसा. ती तिला लाडाने ‘पू’ म्हणते. एवढी मोठी शक्ती हातात, पण वापरायला बंदी. आणि सोबतीला एक हट्टी पोर. या दोघींमधलं बोलणं फार नाही, पण जे आहे ते जपून लिहिलेलं आहे.

पर्वाच्या शेवटाकडे चिबिउसाचं मन शत्रूने फिरवलेलं असतं. ती मोठी होऊन, ब्लॅक लेडी बनून, सगळ्यांच्या विरोधात उभी असते. तेव्हा प्लूटो दार सोडते. दारावर पहाऱ्याला कोण राहतं, तर डायना, मांजरीचं एक एवढंसं पिल्लू. हा तपशील मला फार आवडतो. विश्वाचं सगळ्यात जोखमीचं ठाणं पिल्लाच्या हवाली करून जायची वेळ आली, यातच प्रसंग किती हाताबाहेर गेलाय ते कळतं. पुढे ब्लॅक मूनचा राजपुत्र डिमांड याच्या हाती भूतकाळातला आणि भविष्यातला असे दोन्ही रुपेरी स्फटिक लागतात. ते एकमेकांना टेकवले तर सगळं नष्ट होणार आणि तो ते टेकवायला निघालेला. प्लूटो दंड उचलते आणि काळ थांबवते. तिसरी बंदीही मोडली. शिक्षा एकच, मृत्यू.

ही पानं उघडली की आधी फक्त चित्रांकडे बघा. ताकेउचींची रेघ बारीक असते आणि पार्श्वभूमी बरेचदा कोरी. पात्रं चौकटीतून बाहेर येतात, एकीचे केस दुसरीच्या चौकटीत उतरतात. मारामारीच्या प्रसंगात याने घोटाळा होतो. कोण कोणाला मारतंय ते दोनदा बघावं लागतं. पण जिथे काळच थांबलाय तिथे ही सुटी, वाहती मांडणी कामी येते. चौकटीमागून चौकट असा क्रमच ढिला पडलेला असतो. पुढे प्लूटोच्या मरणाने ब्लॅक लेडीच्या डोळ्यांत पाणी येतं, त्या अश्रूतून तिचा स्वतःचा स्फटिक जन्मतो आणि ती लहान सेलर चिबी मून होऊन परतते. नऊशे वर्षं जी मोठी होत नव्हती, तिला मोठं केलं ते मैत्रिणीच्या जाण्याने. काळाच्या गोष्टीत काळाचा खरा अर्थ इथे येतो, आणि त्यासाठी मी बाकीचं गणित सोडून देते.

आता उणिवा. मला सलतात त्या वेगळ्याच, आणि त्यांबद्दल कोणी विचारत नाही याचं आश्चर्य वाटतं.

पहिली म्हणजे सोबतिणींचं काय होतं ते. मार्स, मर्क्युरी, ज्युपिटर एकेका प्रकरणात पळवल्या जातात. एकीचं प्रकरण येतं, तिच्या मनातलं थोडं कळतं, तिची शत्रूच्या बाजूच्या चार बहिणींपैकी एकीशी गाठ पडते, बहीण मरते आणि ही कैद होते. हा साचा इतका ठरून गेलाय की तिसऱ्या वेळी पान उलटायच्या आधीच पुढचं कळतं. ज्या मैत्रिणींमुळे पहिलं पर्व जिवंत होतं, त्या बराच काळ नुसत्या बंदिवान राहतात. त्या चार बहिणींनाही मांगात वाढायला जागा मिळत नाही. तोएई या स्टुडिओच्या अ‍ॅनिमेने याच चौघींना माणसांत आणून प्रसाधनांची विक्री करत जगायला लावलं, आणि तो बदल मला मूळ मांगापेक्षा सरस वाटतो. अर्थात अ‍ॅनिमेला आठवड्याला एक भाग मिळत होता. मांगा फार पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या मालिकेच्या सुरुवातीला तेरा भागांची स्वतःची गोष्टच घातली होती. ताकेउचींच्या हाती महिन्याला एक प्रकरण. त्या घाईच्या खुणा जागोजागी दिसतात.

दुसरी उणीव मला जास्त गंभीर वाटते. ब्लॅक मूनचं मूळ म्हणणं काय आहे? रुपेरी स्फटिकाच्या जोरावर माणसांना मिळालेलं हजार वर्षांचं आयुष्य निसर्गाच्या विरुद्ध आहे, आम्हाला ते नको. हे म्हणणं टाकाऊ नाही. कोणीही विचारलं नसताना सगळ्या पृथ्वीला दीर्घायुष्य द्यायचं आणि वर एकच राणी शतकानुशतकं गादीवर, यावर प्रश्न विचारणारे लोक असणारच. ताकेउची औषधशास्त्र शिकलेल्या आणि परवानाधारक फार्मासिस्ट. आयुष्य वाढवण्याचा प्रश्न त्यांनी इतका नेमका मांडला, मग वाटलं होतं की राणीला कधीतरी याचं उत्तर द्यावं लागेल. तसं होत नाही. मागून सूत्रं हलवणारा डेथ फँटम पुढे येतो, सगळ्यांना त्याने भरीला घातलं होतं असं ठरतं आणि तो प्रश्न टोळीबरोबरच संपतो. डिमांडचा भाऊ सफिर याच्यासारखा विचारी माणूस वाया गेला, त्याचं वाईट वाटतं.

उसागीच्या बाबतीतही तसंच. शाळकरी वयात तिला कळतं की नवरा हा, मुलगी ही, बाविसाव्या वर्षी राणी. तिला पोटच्या पोरीचा मत्सर वाटतो, तो भाग मला खरा वाटतो. तिच्या मनात चाललेली खळबळ दाखवायला तेवढीच वाट होती. पण ‘हे सगळं मला हवंय का’ हा प्रश्न तिला पडतच नाही. भविष्य दिसलं, ते गोड आहे, तिकडे चालू लागा. ज्या गोष्टीने मुलींच्या हाती शक्ती दिली, तिने नायिकेला तेवढी निवडही द्यायला हवी होती.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. डिमांड उसागीला हलताही येत नसताना तिचं जबरदस्तीने चुंबन घेतो. ब्लॅक लेडी झालेली चिबिउसा भारून टाकलेल्या मामोरूशी, म्हणजे स्वतःच्याच बापाशी, प्रेयसीसारखी वागते. लेखिकेने दोन्ही गोष्टी वाईट म्हणूनच दाखवल्यात, पण दाखवून ती पुढे जाते, त्यावर कोणी बोलत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पहिलं पर्व खुशाल एकटीला वाचू द्या. या पर्वाला शेजारी बसा आणि ती पानं आली की तुम्हीच विषय काढा. मुली अशा वेळी विचारत नाहीत, गप्प राहतात.

आणि थेट या पर्वापासून कोणी सुरुवात करू नका. उसागी आधी कशी होती ते ठाऊक नसेल तर चिबिउसाची निराशा पोहोचणार नाही. प्लूटोचं प्रकरण संपल्यावर लगेच पुढचं पर्वही देऊ नका. तिथे ती सेत्सुना या नावाने, विसाव्या शतकात शिकणारी तरुणी म्हणून परत येते. मला ती आवडते, पण एवढ्या लवकर परत आली की आधीच्या मरणाचं वजन कमी होतं. चार-आठ दिवस मध्ये जाऊ द्या.