बाबांच्या वहीतले १९९

बाबांची एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आहे. दुकानदार खतावणीला वापरतात तसली. आत मात्र जमाखर्च नाही, रणजी सामन्यांचे धावफलक आहेत, शिसपेन्सिलीने लिहिलेले. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ती हाती आली आणि मी स्टुलावर उभ्या उभ्याच १९९१ चं पान काढलं. मुंबई विरुद्ध हरयाणा, अंतिम सामना, वानखेडे, ३ ते ७ मे. हरयाणाच्या पहिल्या डावात एक नाव होतं, दीपक शर्मा, १९९. आकड्याखाली दोन रेघा, आणि समासात बारीक अक्षरात एकच शब्द : अरेरे.

हा सामना मी मैदानात बसून पाहिला होता, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत. आणि मला दीपक शर्मा आठवतच नव्हता. अंतिम सामन्यात एक माणूस द्विशतकाच्या एक धाव अलीकडे बाद होतो, मी तिथे बसलेली असते, आणि माझ्या डोक्यात त्याची साधी खूणसुद्धा राहत नाही. पुढचं पान मी उलटलं नाही. पलीकडे काय आहे ते मला पाठ होतं, असं मला वाटलं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आम्ही गिरगावात ठाकूरद्वारला राहायचो. बाबांनी पाच दिवसांची रजा टाकली होती आणि सकाळी आठ वाजता आम्ही चालत निघायचो. पिशवीत कोकम सरबताची बाटली, पोळीभाजीचा डबा, पायऱ्यांवर अंथरायला कालचा पेपर, आणि ही वही. पेन्सिल वहीच्या शिवणीला दोऱ्याने बांधलेली असे. मे महिन्यातल्या त्या सिमेंटच्या पायऱ्या अकरा वाजताच इतक्या तापायच्या की पेपरमधूनही चटका लागायचा. पण जागा बदलायची नाही, हा माझा नियम. जागा बदलली की मुंबईची विकेट पडते, यावर माझा ठाम विश्वास होता.

बाबांचं तरुणपण कसं गेलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला. पहिला आला तेव्हा बाबा पंधरा वर्षांचे होते आणि पंधरावा आला तेव्हा एकोणतिसाचे. मिसरूड फुटल्यापासून लग्न होईपर्यंत मुंबई फायनल हरलेली त्यांनी पाहिलीच नाही. ‘खडूस’ हा शब्द ते फार प्रेमाने वापरायचे. विकेट फेकायची नाही, समोरच्याला फुकटची एक धाव द्यायची नाही, म्हणजे खडूस. माझ्या वाट्याला मात्र वेगळी मुंबई आली. १९८५ नंतर करंडक घरी आलेला नव्हता. म्हणून १९९१ ची ती फायनल माझ्यासाठी नुसती फायनल नव्हती. बाबांच्या गोष्टींतली मुंबई मला एकदा तरी डोळ्यांनी बघायची होती.

शेवटच्या दिवशी जिंकायला ३५५ हव्या होत्या. ३४ वर ३ गेले. मग वेंगसरकर आणि सचिन. सचिनला अठरा पूर्ण होऊन दोन आठवडे झाले होते, आणि तो असा खेळत होता की आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा प्रत्येक फटक्यानंतर नुसतेच ‘देवा, देवा’ म्हणत होते. तो ९६ वर गेला. नंतर एकेक करत बाकीचे गेले आणि उरला शेवटचा गडी, अबे कुरुविला. वेंगसरकरच्या पायात गोळे आले होते, त्याच्यासाठी लालचंद रजपूत धावत होता. त्या दोघांनी मिळून ४७ धावा जोडल्या. लोक पायऱ्यांवर उभे होते, कुणीच बसलं नव्हतं. मी डोळे मिटून हाताची बोटं मोजत होते, तीन हव्यात, तीन हव्यात. आणि कुरुविला धावबाद झाला. मुंबई सर्वबाद ३५२. दोन धावांनी हरलो. वेंगसरकर १३९ वर नाबाद होता आणि खेळपट्टीजवळ रडत होता. एवढा मोठा माणूस, आमच्या घरच्या भिंतीवर ज्याचा फोटो होता तो, सगळ्यांसमोर रडत होता.

आणि माझे बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते. हरयाणासाठी. कपिलदेव आणि त्याची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि बाबा अगदी सावकाश, एकसारख्या टाळ्या वाजवत होते. मी त्यांचा शर्ट ओढला. ‘बाबा, आपण हरलोय.’ ते म्हणाले, ‘हो गं. पण काय खेळले ते!’

घरी येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही त्यांच्याशी बोलले नाही. ते परक्यांच्या बाजूचे आहेत, त्यांना मुंबईचं काही वाटत नाही, असं मी आईला रडत सांगितलं होतं. वाटत असतं तर टाळ्या वाजल्या असत्या का? चौदाव्या वर्षी माझ्यापाशी या प्रश्नाचं एकच उत्तर होतं.

पुढे १९९४ मध्ये करंडक आला, १९९५ मध्ये पुन्हा आला. पंजाबविरुद्धच्या त्या फायनलमध्ये सचिनने दोन्ही डावांत शतकं ठोकली. मी कॉलेज बुडवून गेले होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले होते. त्या वयाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. जिंकलो की जग चांगलं, हरलो की वाईट.

मग नोकरी, लग्न, बाळंतपण. ही वर्षं बघता बघता गेली. २००७ ला बडोद्याला सेमीफायनलमध्ये मुंबईचा दुसऱ्या डावाचा फलक शून्यावर पाच बाद असा लागला, तेव्हा मी ऑफिसात होते. बाबांचा फोन आला. ‘शून्यावर पाच,’ एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. तो सामनाही मुंबईने काढला आणि पुढे करंडकही जिंकला. पण मला आठवतो तो फोनवरचा त्यांचा श्वास.

काहीतरी बदललंय हे मला पहिल्यांदा कळलं ते जानेवारी २०१० मध्ये, म्हैसूरच्या फायनलला. संक्रांतीचे दिवस होते, मी तिळगूळ घेऊन माहेरी गेले होते आणि बाबा टीव्हीला नाक लावून बसले होते. कर्नाटकला ३३८ हव्या होत्या. मनीष पांडेने १४४ काढल्या तेव्हा सामना हातातून गेलाच होता. मुंबईने तो ६ धावांनी जिंकला. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मीही ओरडले. आणि ओरडता ओरडता टीव्हीवर ते मैदान दिसलं. कॉलेजच्या पोरापोरींनी गच्च भरलेलं आणि एकाएकी गप्प झालेलं. त्यांत कुणीतरी चौदा वर्षांची असेल, घरी जाऊन जेवणार नाही, असं मनात आलं आणि हातातला तिळगूळ तसाच राहिला. माझा आनंद त्यामुळे कमी झाला नव्हता. फक्त त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते पुन्हा कधी उठून गेलं नाही.

२०१४ मध्ये बाबा गेले.

माझा नवरा नागपूरचा. लग्नानंतर कित्येक वर्षं आमच्यात रणजीवरून वाद व्हायला जागाच नव्हती, कारण विदर्भ जिंकेल असं विदर्भातही कुणी म्हणत नसे. तो लहानपणी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर सामने बघायचा. ‘आम्ही खेळ पाहाले जात होतो, निकाल पाहाले नाही,’ असं सांगतो. मग चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून तिकडे गेले, वसीम जाफर गेला. दोघेही आमच्या मुंबईचे. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक जिंकला. पहिल्या विजयाच्या दिवशी माझ्या सासूबाईंनी गल्लीत संत्रा बर्फी वाटली होती. ज्यांनी आयुष्यात एक षटक पूर्ण बघितलेलं नाही, त्यांनी. नवरा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आला आणि डोळ्यांत साबण गेल्याचं सांगितलं. मी त्याला काही विचारलं नाही.

आणि मग मार्च २०२४. मुंबई विरुद्ध विदर्भ, फायनल, वानखेडेवर. नवरा म्हणाला, ‘बरोबरच आहे, मैदानाला नावही आमच्याच माणसाचं आहे.’ खरंच आहे ते. बॅरिस्टर शेषराव वानखेडे नागपूरचे.

मुंबईने ५३८ धावांचं लक्ष्य ठेवलं होतं. मुशीर खानने १३६ काढल्या होत्या. वय एकोणीस. रणजी फायनलमध्ये शतक करणारा मुंबईचा सगळ्यांत लहान खेळाडू तो ठरला, आणि मोडलेला विक्रम सचिनच्या त्या १९९५ च्या शतकाचा होता. माझ्या मुलाहून हा पोरगा वर्षभराने मोठा. हा बदलही मी कधी ठरवून केलेला नाही. वेंगसरकर माझ्यासाठी देव होता, सचिन माझ्या भावाच्या वयाचा, आणि आता मैदानात उतरतात ती मुलं माझ्या मुलाच्या वयाची. सकाळी चर्चगेटला पाठीवर कीटबॅग लादून उतरणारी पोरं दिसतात. कुणी विरारहून येतं, कुणी पालघरहून, पहाटेची लोकल पकडून. त्यांची सरासरी किती हे माझ्या डोक्यात नंतर येतं. डबा आणलाय का, हे आधी येतं.

पाचव्या दिवशी, १४ मार्चला, मी अर्धी रजा टाकून गेले. विदर्भाचे पाच गडी गेले होते आणि २९० धावा हव्या होत्या. सगळे म्हणत होते, उपाहारापर्यंत संपेल. पण अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उभे राहिले. सकाळचं सत्र संपलं, विकेट नाही. मुंबईचे फिरकी गोलंदाज एका टोकाने, वेगवान दुसऱ्या टोकाने, आणि ते दोघे चेंडू बॅटखाली मारत राहिले. दुबेची पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधली ती सुरुवातीची वर्षं. तो उजवा पाय पुढे टाकून वाकायचा आणि प्रत्येक चेंडूनंतर वाडकरकडे बघायचा. वाडकर मान हलवायचा, बस. १३० धावांची भागीदारी. हे दोघे खडूस खेळत होते. बाबांच्या व्याख्येतलं, शुद्ध खडूस.

वाडकरचं शतक झालं तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात तेव्हा गोळा आला होता, आपण हा सामना घालवतोय की काय असा. दोन्ही एकाच वेळी होतं. माझ्या मागे तीन-चार कॉलेजातली मुलं होती, त्यांतला एक म्हणाला, ‘काकू, तुम्ही विदर्भाच्या का?’

मी नाही म्हणाले. गिरगावची म्हणाले. त्याला पटलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

३५३ वर तनुष कोटियनने वाडकरला पायचीत केलं आणि पुढच्या पंधरा धावांत सगळं संपलं. रहाणेने शेवटी चेंडू धवल कुलकर्णीच्या हातात दिला, त्याचा हा अखेरचा सामना होता, आणि धवलने उमेश यादवचा त्रिफळा उडवला. १६९ धावांनी विजय, बेचाळिसावा करंडक. मी रडले. मुलांनी मला त्यांच्या घोळक्यात ओढून घेतलं, तेव्हा त्या मुलाला पटलं असावं. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, ‘दुबेचे किती झाले शेवटी?’ पासष्ट, मी सांगितलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच हर्ष दुबेने नागपूरजवळच्या जामठ्याला सेमीफायनलमध्ये आमच्या दुसऱ्या डावात पाच गडी टिपले. मुंबई ८० धावांनी हरली. त्या मोसमात त्याने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. हरल्याचं दुःख झालं का? झालं. पूर्ण झालं. वय वाढलं की हार बोचत नाही असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. मी जेवले, ऑफिसला गेले, पण रात्री दोनला जाग आली आणि सूर्यकुमार, शिवम दुबे, रहाणे असे विकेट्स मोजत पडून राहिले. शेजारी नवरा जागाच होता. आनंदाने जागा होता. आम्ही दोघांनी चहा केला.

परवा मी ती वही पुन्हा काढली. दीपक शर्माचं पान नीट बघितलं. बाबा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. फायनलच्या दिवशी, २०२४ ला, मीही सत्तेचाळीसची होते. मग पान उलटलं. मुंबईचा दुसरा डाव. प्रत्येक नावापुढे कसा बाद झाला ते व्यवस्थित लिहिलेलं, तेंडुलकर ९६, वेंगसरकर नाबाद १३९. शेवटची ओळ कुरुविलाची. नाव लिहिलंय. पुढचा रकाना कोरा आहे. धावबाद हा शब्द त्यांनी लिहिलेला नाही, खालची एकूण ३५२ ही बेरीजही नाही. नावाच्या शेवटच्या अक्षरापासून पेन्सिलीची एक रेघ निघाली आहे, बोटभर लांब, कागदात रुतलेली, आणि तिथे टोक मोडल्याचा काळा ठिपका आहे.

या एका सामन्याशिवाय वहीतला एकही धावफलक अर्धवट नाही. मी सगळी पानं तपासली.