आल्बापासून एटनापर्यंत: इटलीतील द्राक्षतोडणीच्या हंगामातला प्रवास

इटलीचा नकाशा समोर धरला, तर द्राक्षांचा हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असणार असे कोणालाही वाटेल. सिसिलीच्या पश्चिमेकडील सखल भागात हा अंदाज बरोबरही ठरतो, कारण तिथे ऑगस्टमध्येच घड उतरवायला सुरुवात होते. मात्र त्याच बेटावरील एटना ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर नेरेल्लो मास्कालेझे नावाची काळी द्राक्षे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, काही वर्षी त्याच्याही पुढे, वेलीवर राहतात. आणि तिथून सुमारे सात अंश उत्तरेला, पिएमोन्ते प्रांतातील लांगे टेकड्यांवर, नेब्बिओलो या काळ्या द्राक्षांची तोडणीही ऑक्टोबरमध्येच होते. दोन इतक्या दूरच्या प्रदेशांत एकाच महिन्यात सुगी कशी येते, हे प्रत्यक्ष उतारावर उभे राहून पाहावे, या हेतूने आम्ही पतिपत्नींनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा मार्ग आखला. माझे माहेर निफाड तालुक्यातले असल्यामुळे द्राक्षबाग मला नवी नव्हती, पण उताराच्या दिशेवरून जमिनीची प्रत आणि किंमत ठरते हे नवे होते.

तूरिनहून रेल्वेने आल्ब्याला पोहोचता येते. आल्बा हे लांगेचे मध्यवर्ती गाव असून तिथे मुक्काम ठेवणे सर्वात सोयीचे. अडचण एवढीच की ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीचा, महोत्सव असतो आणि त्या काळात, विशेषतः शनिवार-रविवारी, खोल्या महाग होतात व मिळेनाशा होतात. म्हणून मुक्काम काही महिने आधी ठरवावा, किंवा बारोलो, म्हणजे नेब्बिओलोपासून होणाऱ्या त्याच नावाच्या लाल वाईनचे गाव, त्याच्या आसपासच्या खेड्यांतील शेतघरांत राहावे. आल्ब्याहून खेड्यांकडे जाणाऱ्या बस मोजक्याच आहेत. आम्ही मोटार भाड्याने घेतली होती, पण ज्या दिवशी वाईन चाखायची होती त्या दिवशी चालकासह गाडी ठरवली, आणि हा खर्च सर्वांनी करावा असे मी आग्रहाने सांगेन.

लांगे समजून घेण्यासाठी पहिल्याच सकाळी ला मोर्रा गावाच्या सज्जावर जावे. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवरच्या या चौकातून बारोलोचा बहुतेक सगळा प्रदेश नजरेखाली येतो, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला ३,८४१ मीटर उंचीचे मोन्विझो शिखरही दिसते. आम्ही पोहोचलो तेव्हा दऱ्या धुक्याने भरलेल्या होत्या आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर उघडे होते. नऊ-दहाच्या सुमारास धुके वर सरकत विरळ झाले, तेव्हा कुठल्या उतारावर काय लावले आहे हे हळूहळू स्पष्ट होत गेले. दक्षिण व नैर्ऋत्य दिशेला तोंड असलेल्या उतारांच्या मधल्या पट्ट्यात नेब्बिओलो होते. त्याच्या वरच्या किंवा थोड्या थंड बाजूंना लवकर पिकणारे दोल्चेत्तो आणि फारसे हट्ट न करणारे बार्बेरा होते. आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर, तसेच दऱ्यांच्या तळाशी, हेझलनटच्या बागा होत्या. नेब्बिओलोला डोळे लवकर फुटतात आणि ते पिकते मात्र सर्वांत उशिरा, त्यामुळे त्याला वर्षभरातील उन्हाचा प्रत्येक तास लागतो. हिवाळ्यात ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो तिथे नेब्बिओलो लावावे, असे इथले जुने शेतकरी सांगत आले आहेत. बारोलोच्या नियमावलीने लागवडीची उंची १७० ते ५४० मीटर ठरवून दिली आहे आणि थेट उत्तरेकडे तोंड असलेले उतार वगळले आहेत. अलीकडच्या तापलेल्या उन्हाळ्यांमुळे ही बंदी सैल करावी का, यावर तिथे वाद झालेला आहे, आणि एका बागायतदाराने तो विषय काढताच दुसऱ्याने ज्या आवेशाने त्याला उत्तर दिले, तो पाहून मला आमच्याकडच्या पाणीवाटपाच्या बैठका आठवल्या.

हवामान एकच असूनही चव का बदलते, याचे उत्तर मातीत आहे. मायोसीन काळात इथे समुद्र होता आणि आजच्या टेकड्या त्याच्या तळाच्या गाळापासून बनलेल्या आहेत. बारोलो प्रदेशाच्या पश्चिम बाजूला, म्हणजे ला मोर्रा आणि बारोलो गावांभोवती, त्यातल्या त्यात नवी, निळसर करडी, चुनखडीयुक्त चिकणमाती आढळते. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडे थर अधिक जुने असून त्यांत वालुकाश्माचे कठीण पट्टे आहेत. पश्चिमेकडची वाईन लवकर मोकळी होते आणि तिचा सुगंध पुढे येतो, तर सेर्रालुंगाची वाईन तारुण्यात इतकी तुरट असते की पहिल्या घोटाला जीभ आणि हिरड्या आवळून येतात. नियमाप्रमाणे बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी १८ महिने ती लाकडी पिंपात असते. सेर्रालुंगाचा पेला हातात घेतल्यावर हा नियम कशासाठी आहे ते सांगावे लागत नाही. शेजारच्या बार्बारेस्कोत बागा थोड्या कमी उंचीवर आणि तानारो नदीच्या जवळ असल्यामुळे द्राक्षे जरा आधी पिकतात, आणि तिथे मुरवण्याची किमान मुदतही २६ महिन्यांची आहे. मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे बार्बारेस्को गावातील जुन्या सान दोनातो चर्चच्या इमारतीत विभागीय वाईनगृह आहे, आणि ला मोर्रातही ग्रामपातळीवरचे असेच केंद्र आहे. अशा ठिकाणी अनेक उत्पादकांची वाईन पेल्याच्या हिशेबाने चाखता येते. वेळ कमी असेल त्यांनी एका नामांकित वाईनरीत दुपार घालवण्यापेक्षा इथे शेजारी-शेजारी दोन गावांचे पेले घ्यावेत. फरक अधिक लवकर कळतो.

बागेतल्या एका गृहस्थांना मी नाशिकच्या दोन छाटण्यांविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी हातातली कात्री बाजूला ठेवली. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते, त्या काळात एकदाच छाटणी होते आणि एप्रिलच्या सुमारास डोळे फुटतात. आपल्याकडे थंडी वेलीला झोपवण्याइतकी पडत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी करून फळ धरायचे, असे दोनदा तिला आपणच वळण लावतो, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. लांगेतला शेतकरी शरद ऋतूतल्या पावसाआधी पीक हाती लागावे म्हणून जिवाचे रान करतो, तर आपला शेतकरी पाऊस संपण्याची वाट पाहून पीक सुरू करतो.

पुढचा टप्पा इटलीच्या उत्तर टोकाकडील आल्तो आदिजे या डोंगराळ प्रदेशाचा, आणि तिथे आम्ही थोडेच थांबलो. व्हेरोनाहून ब्रेन्नेर खिंडीकडे जाणारी रेल्वे बोल्झानोला पोहोचवते. हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. पाट्या जर्मन व इटालियन अशा दोन्ही भाषांत आहेत आणि बरीचशी वाईन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमध्ये तयार होते, ही बाब महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला जवळची वाटते. बोल्झानो आल्प्सच्या कुशीत असले तरी खोल दरीच्या तळाशी, जेमतेम २६० मीटरांवर आहे आणि उन्हाळ्यात ते चांगलेच तापते. त्यामुळे शहराच्या ग्रीस नावाच्या भागातील सपाट, गरम जमिनीवर लाग्राइनची गडद द्राक्षे, शहरावरच्या सांता माद्दालेना टेकडीवर हलकी लाल स्कियावा, आणि त्याहून उंचावर पांढऱ्या जाती, अशी मांडणी एकाच डोंगराच्या अंगावर वर-खाली पाहायला मिळते. दुपारी गार्डा सरोवराकडून ओरा नावाचा वारा दरीत शिरतो व पाने वाळवतो, त्यामुळे बुरशीचा त्रास कमी राहतो. एग्ना गावाच्या वर मात्सोनचा उतार पश्चिमेला तोंड करून आहे. तिथे सकाळचे ऊन उशिरा येते आणि संध्याकाळचे बराच वेळ टिकते, आणि पिनो नेरो या काळ्या द्राक्षाला ते मानवते. जुन्या बागांमध्ये वेली लाकडी मांडवांवर चढवलेल्या आहेत, हे पाहून मी जरा अधिक वेळ रेंगाळले. इथल्या अनेक मुक्कामांमध्ये पाहुण्यांना प्रदेशातील सार्वजनिक वाहतुकीचा मोफत पास मिळतो, तेव्हा खोली ठरवतानाच त्याची चौकशी करावी. मोटारीची गरज उरत नाही.

सिसिलीला विमानाने जाणे सोपे असले, तरी मिलानहून रात्रीच्या रेल्वेनेही जाता येते, आणि मेस्सिनाच्या सामुद्रधुनीवर तिचे डबे जहाजात चढवले जातात. विमानाने जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की एटनाची राख हवेत पसरली की काटानियाचा विमानतळ काही वेळा बंद ठेवावा लागतो. परतीचे आंतरराष्ट्रीय विमान गाठायचे असेल, तर मध्ये एक मोकळा दिवस राखावाच.

एटनावर आम्ही जास्तीत जास्त वेळ दिला आणि तो योग्यच होता. उंची दर हजार मीटरमागे सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस गारवा देते, आणि उत्तर उतारावरच्या बागा साधारण ५०० ते १,००० मीटरांच्या दरम्यान असल्यामुळे सिसिलीतल्या किनाऱ्याचा उन्हाळा तिथे येईपर्यंत बराच निवलेला असतो. दिवसा ऊन कडक आणि रात्री अंगावर लोकरीचे वस्त्र हवे, असा अनुभव आम्ही रांदात्सोच्या मुक्कामी घेतला. या रात्रींमुळे मण्यांतला आंबटपणा टिकतो आणि पिकणे लांबते. बेटाच्या आग्नेय टोकाला, पाकीनो आणि नोतोकडे, सखल व तापलेल्या जमिनीत नेरो दाव्होला गडद, भरदार आणि गोडसर पिकते. एटनाची नेरेल्लो मास्कालेझे मात्र फिक्या रंगाची, तुरट आणि ताठ आहे, आणि पेल्यात ती बारोलोची नातलग वाटते. एकाच बेटावरच्या दोन वाईनपेक्षा देशाच्या दोन टोकांच्या या दोन वाईन एकमेकींना जवळच्या आहेत, आणि हे अंतर उंचीने भरून काढले आहे.

इथे माती म्हणजे लाव्हा, राख आणि वाळू. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचे वय वेगळे, त्यामुळे तो कुजून माती होण्याची पायरी वेगळी. शेतांचे जे जुने विभाग, ज्यांना तिथे ‘कोन्त्रादा’ म्हणतात, त्यांच्या सीमा बऱ्याचदा या प्रवाहांशी जुळतात. १९८१ च्या उद्रेकात रांदात्सोजवळून गेलेला लाव्हा आजही काळ्या, उघड्या पट्ट्यासारखा दिसतो आणि त्याला अगदी लागून हिरव्या बागा आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणाऱ्या फायलोक्झेरा किडीला वाळूत फारसे फिरता येत नाही, म्हणून इथे काही ठिकाणी खुंटावर कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या शंभरीच्या पुढच्या वेली शिल्लक आहेत. काळ्या दगडांच्या बांधांनी आधारलेल्या अरुंद पायऱ्यांवर चेस्टनटच्या एकेका खुंटीला बांधलेली झुडपासारखी वेल, ही जुनी पद्धत. तिथे यंत्र चालत नाही आणि सगळी कामे हातानेच होतात.

पूर्व उतारावरचे मिलो पाहिल्याशिवाय एटना सोडू नये. आयोनियन समुद्रावरून येणारे ढग इथे अडतात, त्यामुळे पाऊस उत्तर उतारापेक्षा कितीतरी जास्त पडतो. काळी द्राक्षे इथे नीट पिकत नाहीत; कार्रिकांते ही पांढरी जात मात्र याच ओलाव्यात आणि समुद्राच्या वाऱ्यात धारदार, लिंबासारखी आंबट वाईन देते. ‘एटना बियांको सुपेरिओरे’ हे नाव केवळ मिलोच्या द्राक्षांना लावता येते. एटनाला १९६८ मध्ये संरक्षित नाव मिळाले तरी जगाचे लक्ष त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेले, त्यामुळे लहान उत्पादक अजूनही स्वतः बाग दाखवतात. लांगेत हे आता दुर्मीळ होत चालले आहे.

काटानियाहून निघून ज्वालामुखीला वळसा घालणारी चिर्कुमेत्निया ही अरुंद रुळांची रेल्वे रांदात्सोपर्यंत लाव्हाच्या पट्ट्यांतून जाते. ती रविवारी धावत नाही आणि काही भागांत रेल्वेऐवजी बस असते, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी तपासावे. वाईनऱ्यांमध्ये मात्र तिच्यावर विसंबून जाता येत नाही.

आता तयारीविषयी. तोडणीच्या दिवसांत छोट्या वाईनरीला पाहुण्यांसाठी वेळ नसतो. भेट आधी काही आठवडे ई-मेलने ठरवावी, चाखण्याचे शुल्क तेव्हाच विचारावे आणि दुपारी व रविवारी बंद असेल असेच गृहीत धरावे. दिवसात दोनच भेटी ठेवाव्यात. चाखून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. रक्तातील मद्याची मर्यादा प्रतिलिटर ०.५ ग्रॅम आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे न झालेल्यांसाठी ती शून्य आहे. गावांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या हद्दी असतात, कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस घरी पोहोचते. शाकाहारी असाल तर पिएमोन्तेत लोणी व सेजच्या पानांची ‘तायारिन’ ही बारीक शेवयांसारखी पास्ता मागावी. ‘आन्योलोत्ती देल प्लिन’ या सारण भरलेल्या पास्तामध्ये बहुधा मांस आणि ‘बान्या काउदा’ या भाज्यांबरोबरच्या गरम चटणीमध्ये मासे असतात. सिसिलीत वांग्याची ‘पास्ता आल्ला नोर्मा’ कुठेही मिळते आणि पोट भरते.

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी त्या मर्यादेत बसत नाही. बारोलो मुंबईत जास्त किंमत मोजून का होईना मिळते, म्हणून ती आम्ही तिथेच प्यायलो. पिशवीत मिलोची कार्रिकांते आणि सांता माद्दालेनाची स्कियावा घेतली, कारण या दोन्ही मला मुंबईच्या दुकानांत कधी दिसलेल्या नाहीत.